मोडलेलं नाक झाकू नका: न्यू जर्सीतल्या मराठी शाळांना खुलं पत्र

न्यू जर्सीतल्या मराठी शाळांचे शिक्षक, स्वयंसेवक आणि पालक यांस,

सप्रेम नमस्कार.

एप्रिलच्या कार्यक्रमात मुलांकडून पॉल रोब्सन या इथल्याच कृष्णवर्णीय खेळाडू, गायक आणि नटावर नाटुकलं बसवून घ्यायचं ठरलंय, हे वाचून बरं वाटलं. शिवाजी महाराज, सावित्रीबाई, टिळक यांच्याबरोबर आपण जिथे राहतो तिथलाही एखादा माणूस मुलांना मराठीतून भेटावा, ही कल्पना ज्या कुणाची असेल त्यांना माझ्यातर्फे एक वडापाव लागू. पण ग्रूपवर फिरणारा संहितेचा मसुदा वाचला आणि गप्प बसवेना. तोच मसुदा थोड्याफार फरकाने आणखी दोन-तीन शाळांकडेही गेलाय असं कळलं, म्हणून एकेकाला फोन करत बसण्यापेक्षा हे पत्र खुलंच लिहितोय.

मसुद्यातला रोब्सन असा आहे: गरीब घरचा मुलगा, शिष्यवृत्ती मिळवून न्यू ब्रुन्सविकच्या रटगर्स कॉलेजमध्ये जातो, फुटबॉलमध्ये ऑल-अमेरिकन होतो (म्हणजे देशभरच्या कॉलेज खेळाडूंतून निवडलेल्या सर्वोत्तम संघात येतो), वर्गात पहिला येतो, वकील होतो, मग गायक आणि नट म्हणून जग जिंकतो. शेवटी सगळे रांगेत उभे राहून हात जोडतात. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण हा रोब्सन नव्हे. हा आपल्याच गुणगौरव समारंभातला विद्यार्थी आहे, नाव तेवढं अमेरिकन.

रोब्सनचं नाव एकदा त्याच्या विरोधकांनी कागदावरून पुसलं होतं. कसं, ते पुढे सांगतो. आता आपण प्रेमापोटी त्याच्या आयुष्यातलं सगळं टोचणारं काढून टाकलं, तर फरक हेतूचा राहील, परिणाम तोच.

आधी थोडा भूगोल, कारण हा माणूस अक्षरशः आपल्या शेजारचा. ९ एप्रिल १८९८ ला प्रिन्स्टनमध्ये विदरस्पून स्ट्रीटवर जन्मला. रविवारी तुम्ही मुलांना आइस्क्रीम खायला नेता, तिथून चालत जाता येईल असं ते घर. वडील विल्यम ड्र्यू रोब्सन नॉर्थ कॅरोलायनात गुलाम म्हणून जन्मले आणि पंधराव्या वर्षी तिथून निसटले. शिकले, पाद्री झाले, प्रिन्स्टनच्या विदरस्पून स्ट्रीट चर्चमध्ये वीसेक वर्षं सेवा केली आणि मग तिथून काढले गेले. त्यानंतर पोटासाठी घोडागाडीतून लोकांच्या चुलींची राख वाहिली. पॉल सहा वर्षांचा व्हायच्या आत आई घरात भाजून गेली. मग वडील मुलांना घेऊन वेस्टफील्डला आणि तिथून सॉमरव्हिलला गेले. सॉमरव्हिल हायस्कूलमधून पॉल १९१५ साली बाहेर पडला. थोरल्या भावाला प्रिन्स्टन विद्यापीठाने दारातही उभं केलं नव्हतं, कारण तिथे कृष्णवर्णीय मुलांना प्रवेशच नव्हता. ज्या प्रिन्स्टनच्या नावाने आपल्या घराघरांत बारावीच्या मुलांची झोप उडते, ते हेच प्रिन्स्टन.

शिष्यवृत्तीचा किस्सा मसुद्यात आहे, पण अर्धा. रटगर्सच्या शिष्यवृत्तीची परीक्षा दोन टप्प्यांत व्हायची, एक आदल्या वर्षी आणि एक शेवटच्या वर्षी. पॉलला तिचा पत्ता लागला तोवर पहिला टप्पा होऊन गेला होता. त्यामुळे इतरांनी एका वर्षाचा अभ्यास लिहिला तेवढ्याच वेळात त्याने चारही वर्षांचा लिहिला, आणि तरी शिष्यवृत्ती त्यालाच मिळाली. एवढं आपल्या पालकांना आवडणारच. पुढचं कदाचित नाही आवडणार.

रटगर्समध्ये तो आला तेव्हा ते जेमतेम पाचशे विद्यार्थ्यांचं कॉलेज होतं आणि त्यात कृष्णवर्णीय मुलगा हा एकटाच. कॉलेजच्या आजवरच्या इतिहासात तिसरा. उंची सव्वासहा फूट. फुटबॉल त्याने हायस्कूलमध्ये गाजवला होता, त्यामुळे संघाच्या निवड-सरावाला तो गेला हे ओघानेच आलं.

इथे मुलांना एक गोष्ट आधी समजावून सांगा. आज टीव्हीवर दिसतो तसा तो फुटबॉल नव्हता. डोक्याला मऊ चामड्याची टोपी, तीही कुणी घालायचं, कुणी नाही. तोंडापुढे जाळी नाही. आक्रमणाला वेगळे गडी आणि बचावाला वेगळे, असली चैन नव्हती. तेच अकरा जण दोन्ही करायचे. खेळात माणसं मरायची म्हणून १९०६ साली नियम बदलावे लागले होते आणि पुढे फेकून पास द्यायला परवानगी मिळाली होती, त्याला अजून दहा वर्षंही उलटली नव्हती. रोब्सनची जागा ‘एंड’ची, म्हणजे रांगेच्या टोकाची. आक्रमणात पास झेलायचा आणि वाट मोकळी करायची, बचावात कडेने पळणाऱ्याला आडवं करायचं. वेग आणि ताकद दोन्ही लागणारी जागा.

तर पहिल्या सरावाच्या दिवशी त्याचं नाक मोडलं, खांदा निखळला, अंगभर खरचटलं. दहा दिवस तो अंथरुणात होता. मारणारे प्रतिस्पर्धी नव्हते. त्याच्याच कॉलेजची, ज्यांच्याबरोबर त्याला संघात खेळायचं होतं ती मुलं होती. त्यांना तो संघात नको होता. सोडून द्यावं असं त्याच्या मनात आलं. त्यावर घरून जे सांगणं आलं ते त्याने पुढे १९४४ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या मुलाखतीत सांगितलं. वडिलांची शिकवण अशी की तू मैदानावर एकटा नाहीस. खेळू पाहणाऱ्या, शिकू पाहणाऱ्या कितीतरी कृष्णवर्णीय मुलांचा तू तिथे प्रतिनिधी आहेस. भाऊ बोलला तो अजून रोखठोक: सोडायचं तर सोड, पण आपल्या घरात कुणी मैदान सोडून पळालं हे मला सहन होणार नाही.

तो परत गेला. एका झटापटीनंतर जमिनीवर पडला असताना उजवा हात पंजा पसरून मातीवर होता. एक जण आला आणि मुद्दाम त्या पंजावर बूट रोवून उभा राहिला. हाडं टिकली, पण बुटाच्या तळाच्या खुंट्यांनी बोटांची नखं उखडली. पुढच्या चालीत रोब्सनने समोर आले त्यांना बाजूला झाडलं, बॉल घेऊन येणाऱ्या गड्याला दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचललं आणि जमिनीवर आदळायच्या बेतात होता. तेवढ्यात प्रशिक्षक फॉस्टर सॅनफर्ड ओरडले, रोब्सन, तू संघात आलास!

नाटुकल्यासाठी हा प्रसंग सोन्यासारखा आहे, हे मलाही कळतं. पण तो ‘हार मानू नका’ या पाटीखाली नेऊन बसवू नका. मुलांना विचारा, नाक मोडलं त्या दिवशी सॅनफर्ड काय करत होते? सतरा वर्षांच्या मुलाला संघात जागा मिळायला कुणालातरी आपटण्याची पाळी का यावी? आणि वडिलांनी त्याच्या खांद्यावर ठेवलेलं ओझं बघा. आपली मुलं आईबापांच्या अपेक्षांखाली वाकतात, ते खरंच आहे. पण एक झेल सुटला तर आपल्या साऱ्या जमातीवर बोट दाखवलं जाईल, या हिशोबाने प्रत्येक शनिवारी मैदानात उतरणं ही निराळीच गोष्ट. नववी-दहावीतल्या मुलांना हा फरक समजतो. आपल्यालाच वाटतं की समजणार नाही.

आता १९१६. मसुद्यात या वर्षाचा उल्लेखच नाही आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीचा कणा हेच वर्ष आहे.

त्या ऑक्टोबरमध्ये रटगर्सच्या स्थापनेला दीडशे वर्षं पूर्ण झाल्याचा सोहळा होता. पाहुणे, पदव्या, भाषणं आणि सोहळ्यानिमित्त फुटबॉलचा सामना. प्रतिस्पर्धी व्हर्जिनियाचं वॉशिंग्टन अँड ली. त्यांनी कळवलं, कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात असेल तर आम्ही उतरणार नाही. रटगर्सने रोब्सनला बाहेर बसवलं. सामना १३-१३ असा बरोबरीत सुटला. म्हणजे सोहळाही पार पडला, पाहुण्यांचाही मान राहिला, आणि एका मुलाने बाकावरून बघितलं.

यात मला सगळ्यात खुपतं ते हे, की रटगर्सवर कुणी बंदूक रोखली नव्हती. सामना रद्द झाला असता, चार लोक नाराज झाले असते, बस्स. कार्यक्रम व्यवस्थित पार पडावा एवढीच त्यांची इच्छा होती. आपण मंडळांचे कार्यक्रम करणारी माणसं आहोत. ‘आत्ता नको, पाहुणे आलेत’ हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी उच्चारलंय ते ज्याचं त्याने आठवावं.

या गोष्टीत अजून एक माणूस आहे आणि त्याला नाटुकल्यात घ्याच. जेम्स डिक्सन कार. रटगर्सचा पहिला कृष्णवर्णीय पदवीधर, १८९२ चा, पुढे न्यूयॉर्कमध्ये वकील. त्याने जून १९१९ मध्ये, म्हणजे रोब्सनच्या पदवीदानाच्याच महिन्यात, रटगर्सचे अध्यक्ष डेमारेस्ट यांना पत्र लिहून १९१६ च्या त्या सामन्याचा जाब विचारला. त्याच्या म्हणण्याचा गाभा असा: यादवी युद्धात ज्यांच्या पूर्वजांनी हा देश फोडायला शस्त्र उचललं त्यांच्या हट्टापायी, ज्याच्या पूर्वजांनी तो वाचवायला मदत केली त्या मुलाचा हक्क माझ्या कॉलेजने काढून घ्यावा? पत्र तावातावाचं नाही. वकिली शिस्तीत मुद्द्यावर मुद्दा ठेवत गेलंय आणि म्हणूनच जास्त झोंबतं. कॉलेजवर त्याचं प्रेम होतं हेही ओळीओळीतून दिसतं. माजी विद्यार्थी कॉलेजला देणग्या देतात, टी-शर्ट घालून मॅचला जातात; असं पत्र लिहिणारे थोडे.

मैदानावर रोब्सन काय होता, हे मात्र मसुद्याने एका विशेषणात गुंडाळलंय, तिथे जरा सढळ हात ठेवा. १९१७ चा मोसम बघा. नोव्हेंबरमध्ये ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर रटगर्सची गाठ न्यूपोर्टच्या नौदल राखीव संघाशी पडली. महायुद्ध चालू होतं, मोठमोठ्या कॉलेजांचे नावाजलेले खेळाडू गणवेशात होते आणि त्या संघात आधीच्या वर्षांचे ऑल-अमेरिकन खच्चून भरले होते. छोट्या रटगर्सने त्यांना १४-० असं हरवलं. त्या विजयाने रोब्सनचं नाव न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानांवर ठळक झालं. १९१७ आणि १९१८, दोन्ही वर्षी तो ऑल-अमेरिकन ठरला. ‘अमेरिकन फुटबॉलचे जनक’ म्हणवले जाणारे वॉल्टर कँप, ज्यांच्या निवडीचा शब्द त्या काळी अखेरचा मानला जायचा, त्यांनी १९१८ च्या पहिल्या संघात एंडच्या जागी त्याचं नाव लिहिलं. अर्थात सगळेच सामने जिंकले असं नाही. त्याच १९१८ साली ग्रेट लेक्सच्या नौदल संघाने रटगर्सचा ५४-१४ असा धुव्वा उडवला. हाही आकडा मुलांना सांगा, ताऱ्यांचाही कधी चुराडा होतो.

फुटबॉलशिवाय बेसबॉल, बास्केटबॉल आणि मैदानी स्पर्धा अशा आणखी तीन प्रकारांत तो कॉलेजकडून उतरला. वक्तृत्वात बक्षिसं घेतली, फाय बीटा कॅपा या हुशार विद्यार्थ्यांच्या नामांकित संस्थेचा मान मिळवला, १९१९ च्या वर्गातर्फे निरोपाचं भाषण केलं. पदवीचा प्रबंध अमेरिकन घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीवर, म्हणजे कायद्यापुढच्या समानतेवर; तिला त्याने झोपलेला महाबली म्हटलं होतं. बाकावर बसवलेल्या मुलाने हाच विषय निवडावा, यातलं नातं वर्गात नक्की दाखवा. आणि हेही की कॉलेजच्या गायकवृंदात त्याचा तो खर्जातला आवाज कार्यक्रमापुरता चालायचा. नंतरच्या पार्ट्यांना त्याला बोलावणं नसायचं.

पुढचं भरभर. कोलंबियात कायदा शिकत असताना तो व्यावसायिक फुटबॉल खेळला, आजच्या एनएफएल लीगमध्ये. १९२१ मध्ये अ‍ॅक्रनकडून, जिथे फ्रिट्झ पोलार्ड हा कृष्णवर्णीय खेळाडूच संघाची धुरा सांभाळत होता, आणि १९२२ मध्ये मिल्वॉकीकडून. त्या वर्षी ऑलिंपिकवीर जिम थॉर्पच्या ओरँग इंडियन्सविरुद्ध मिल्वॉकी १३-० जिंकली आणि दोन्ही टचडाउन रोब्सनचे होते. नंतर १९३४ पासून युद्ध संपेपर्यंत त्याच लीगमध्ये एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला घेतलं गेलं नाही. वकिलीही टिकली नाही: कचेरीतल्या गोऱ्या स्टेनोने त्याचं सांगणं लिहून घ्यायला नकार दिला आणि तो उठून बाहेर पडला. मग रंगभूमी, लंडन, ऑथेल्लो, मिसिसिपी नदीवरचं ते ‘ओल मॅन रिव्हर’ गाणं. भूपेन हजारिका कोलंबियात शिकताना त्याला भेटले आणि त्या गाण्याच्या प्रभावातून पुढे त्यांनी ब्रह्मपुत्रेला जाब विचारणारं गाणं केलं. हिंदीत ते गंगेचं झालं आणि गणपतीच्या कार्यक्रमांत आपण ते कितीदा ऐकलंय! हा धागा मसुद्यात आहे, छान आहे, राहू द्या.

आता नाव पुसण्याची गोष्ट.

१९४० नंतर रोब्सन नुसता गात नव्हता. लिंचिंगविरुद्ध, म्हणजे जमावाने कृष्णवर्णीयांना ठार मारण्याविरुद्ध, शिष्टमंडळ घेऊन राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्यापुढे जाऊन भांडला, कामगारांच्या संपांत उभा राहिला, सोव्हिएत रशियाची उघड बाजू घेतली. १९४९ साली पॅरिसमधल्या त्याच्या भाषणाची मोडतोड केलेली बातमी अमेरिकेत झळकली आणि देश त्याच्यावर उलटला. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या पीकस्किलला त्याच्या मैफलीनंतर परतणाऱ्या गाड्यांवर दगडांचा वर्षाव झाला. १९५० मध्ये सरकारने पासपोर्ट काढून घेतला. सभागृहं मिळेनात, रेडिओ बंद. आणि हे लोण मागे, तीस वर्षांपूर्वीच्या फुटबॉलपर्यंत पोचलं. त्या सुमारास निघालेल्या कॉलेज फुटबॉलच्या एका नोंदग्रंथात १९१८ चा ऑल-अमेरिकन संघ छापला गेला, तो दहा जणांचा.

फुटबॉलचा संघ अकराचा. संपादकांना ते ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? खोटं अकरावं नाव घालायची हिंमत नव्हती आणि खरं छापायची तयारी नव्हती, म्हणून जागा तशीच सोडली. खोडसाळपणाच्या इतिहासात इतका प्रामाणिक पुरावा क्वचितच सापडतो.

म्हणून माझी सूचना: नाटुकल्यात ऑल-अमेरिकन संघाचा प्रसंग आहे, तिथे दहाच मुलं उभी करा, एंडची जागा मोकळी ठेवा आणि सूत्रधाराकडून मोजून घ्या. संवाद नको, पार्श्वसंगीत तर नकोच नको. प्रेक्षकांतली मुलं आपोआप ओरडतील की एक कमी आहे.

कॉलेज फुटबॉलचं हॉल ऑफ फेम १९५१ मध्ये पहिले मानकरी निवडून सुरू झालं. गंमत म्हणजे त्याची वास्तू आधी न्यू ब्रुन्सविकमध्ये, रटगर्सपाशीच बांधायचं घाटत होतं, कारण १८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यातला पहिला कॉलेज फुटबॉल सामना तिथलाच. ती इमारत तिथे कधी झाली नाही, १९७८ मध्ये ओहायोत उघडली. पण विचार करा, रोब्सनच्याच कॉलेजच्या गावात फुटबॉलचं देऊळ बांधायच्या गोष्टी चालल्या होत्या आणि यादीत त्याला जागा नव्हती. जागा मिळाली १९९५ मध्ये. तो जाऊन १९ वर्षं झाली होती. २३ जानेवारी १९७६ ला फिलाडेल्फियात गेला. या उशिराचं कारण खेळ नव्हता, हे सांगायला फुटबॉल कळायची गरज नाही.

आणि इथे आपला, म्हणजे मुंबईचा, एक खरा संबंध येतो. मसुद्यात तो नाही याचं मला आश्चर्य वाटलं. १९५८ मध्ये रोब्सन साठ वर्षांचा झाला तेव्हाही तो अमेरिकेबाहेर पाय टाकू शकत नव्हता. त्याचा वाढदिवस भारतभर साजरा करण्यासाठी समिती झाली आणि तिचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. पंडित नेहरूंनी जाहीर संदेश दिला, त्यात रोब्सनने माणसाच्या प्रतिष्ठेसाठी सोसलं आहे असा उल्लेख होता. अमेरिकी वकिलातीला हे रुचलं नाही, आणि ही नाराजी दिल्ली-मुंबईपर्यंत पोचवलीही गेली. तरी ९ एप्रिलचा सोहळा झाला. दोन महिन्यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात असा निकाल दिला की राजकीय मतांपायी सरकारला पासपोर्ट अडवता येत नाही, आणि रोब्सनला आपला पासपोर्ट परत मिळाला. छागला त्याच वर्षी भारताचे राजदूत म्हणून वॉशिंग्टनला आले. विजय मर्चंटपासून लता मंगेशकरांपर्यंत मुंबईच्या थोरांवर आपण मुलांकडून निबंध लिहून घेतो. त्यात या न्यायमूर्तींना दोन ओळी मिळायला हरकत नसावी.

अडचणीचा भाग मी टाळणार नाही, तुम्हीही टाळू नका. रोब्सनने स्टालिनच्या राजवटीबद्दल तोंड उघडलं नाही. १९४९ मध्ये मॉस्कोत त्याला त्याचा ज्यू कवीमित्र इत्झिक फेफर कैदेत असल्याचं कळलं. त्याने तिथल्या मंचावरून धाडस करून फेफरचं नाव घेतलं, वॉर्सा घेट्टोतल्या बंडाचं गीत गायलं. पण अमेरिकेत परतल्यावर मात्र तिकडे छळ होत नसल्याचंच सांगत राहिला. १९५२ चं स्टालिन पारितोषिक घेतलं. १९५६ नंतर स्टालिनचे अत्याचार उघड झाले तरी गप्पच राहिला. मला हे पटत नाही. घरच्या अन्यायाविरुद्ध इतक्या स्पष्टपणे बोलणाऱ्याने परक्या घरातल्या अन्यायाला पाठीशी घालावं, हे समजून घेता येतं, माफ करणं अवघड. सहा-सात वर्षांच्या मुलांना हे सांगू नका, त्यांना दहा जणांची रांग पुरे. पण तेरा-चौदाची मुलं शाळेत शीतयुद्ध शिकतात, त्यांच्याशी बोला. माणूस मोठा असतो आणि तरी मोठ्या गोष्टीत चुकतो, हे त्यांना आत्ता आपल्यासमोर कळलं तर बरं. नाहीतर कुठल्यातरी व्हिडिओत ते कळेल आणि मग आपण सांगितलेलं सगळंच त्यांना खोटं वाटू लागेल.

काही पालकांनी ग्रूपवर लिहिलंय की इतकं राजकारण मुलांच्या कार्यक्रमात कशाला, आपण इथे पाहुणे आहोत. माफ करा, पण आता आपण पाहुणे नाही. घरं घेतली, मालमत्ता कर भरतो, मुलं इथे जन्मली, इथल्याच रटगर्सला जातात. कॅमडनला शिकत असतील तर ज्या ग्रंथालयात बसतात त्याला रोब्सनचं नाव आहे; नेवार्कला असतील तर जेवतात त्या इमारतीला. न्यू ब्रुन्सविकमधला एक मोठा रस्ताही २०१९ पासून त्याच्या नावाने आहे. १९५६ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे रोब्सनला विचारण्यात आलं, रशिया इतका आवडतो तर तिथेच का नाही राहिलास? तो म्हणाला, माझे वडील गुलाम होते, माझी माणसं हा देश उभारताना मेली, मी इथेच राहणार आणि तुझ्याइतकाच त्याचा वाटेकरी होणार. ‘तुमच्या देशात परत जा’ हे ज्या मुलांनी शाळेच्या बसमध्ये ऐकलंय, त्यांच्यासाठी हा संवाद मसुद्यातल्या सगळ्या टाळ्यांपेक्षा कामाचा आहे.

तेव्हा काही व्यवहाराचं बोलून थांबतो. कारच्या पत्राचं मराठी भाषांतर मी या महिनाअखेर करून देतो. आठवी-नववीतल्या एखाद्या मुलीने ते मंचावर वाचावं, पाठ करू नये, कागद हातात धरूनच वाचावं. मोठ्या गटाला एका शनिवारी रटगर्सच्या आवारातल्या व्होर्हीस मॉल या हिरवळीवर नेऊ. तिथे २०१९ मध्ये, त्याच्या पदवीच्या शताब्दीला, काळ्या ग्रॅनाइटच्या आठ फलकांचा रोब्सन प्लाझा केलाय. माझ्या गाडीत सात जण बसतात, आणखी दोन-तीन गाड्या लागतील, ज्यांना जमेल त्यांनी कळवा. वॉशिंग्टन अँड लीच्या प्रसंगासाठी नवं पात्र लागेल, रटगर्सचे अध्यक्ष. ते काम एखाद्या बाबांनीच करावं. सूट घालून, अगदी सभ्यपणे, खलनायक न करता.

एवढं सगळं घातलं तर सात मिनिटांचं नाटुकलं अकरा मिनिटांचं होईल, याची मला कल्पना आहे. ती चार मिनिटं मान्यवरांच्या परिचयातून आणि शाल-श्रीफळातून काढावीत, ही विनंती.

आपला,
सॉमरसेट काउंटीतला एक पालक